चमोली, ७ फेब्रुवारी २०२१: पाऊस नव्हता, तलाव फुटला नव्हता, मग एवढा लोंढा आला कुठून?

डोंगरातून येणारा दगडमातीचा लोंढा, डेब्री फ्लो, म्हटलं की पहिला विचार पावसाचाच येतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. उतारावरची माती पाणी पिऊन पिऊन जड होते, कणांमधल्या जागेत पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून ठेवेनासे होतात आणि अख्खा थर सुटतो, किंवा मग उघड्या उतारावरून जोरात धावणारं पाणीच नाळेतले दगडगोटे उचलत उचलत दाट होत जातं. दोन्ही प्रकारांत आधी पाणी येतं आणि मग हालचाल सुरू होते. चमोलीत क्रम उलटा होता. आधी डोंगराचा तुकडा सुटला आणि लोंढ्याला लागणारं पाणी वाटेत तयार झालं.

म्हणून ही केस नीट उलगडून बघण्यासारखी आहे. डेब्री फ्लोला तीन गोष्टी लागतात, उभा उतार, सुटा माल आणि पुरेसं पाणी, आणि इथे त्या एकेक करून वेगवेगळ्या ठिकाणी येऊन मिळाल्या, शिवाय प्रत्येक टप्पा कशात ना कशात पकडला गेलाय, सॅटेलाइटच्या फोटोत, भूकंपमापकांवर, आणि खाली गावातल्या लोकांनी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंमध्ये. इतकी भरपूर नोंद मागे ठेवून जाणारा लोंढा क्वचितच सापडतो.

आधी घटना थोडक्यात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात नंदादेवीच्या परिसरात रोंती नावाचं शिखर आहे, सहा हजार मीटरच्या थोडं वर. त्याच्या उत्तरेकडच्या कड्याखालून रोंती गाड हा ओढा निघतो, तो ऋषिगंगेला मिळतो, ऋषिगंगा रैणी गावाजवळ धौलीगंगेला मिळते आणि धौलीगंगा पुढे विष्णुप्रयागला अलकनंदेला. रैणी म्हणजे १९७४ साली गौरा देवी आणि गावातल्या बायकांनी चिपको आंदोलनात झाडतोड अडवली ते गाव. रविवारी सकाळी १० वाजून २१ मिनिटांनी, ऊन पडलेलं असताना, या उत्तर कड्याचा सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा तुकडा, खडक आणि त्यावरचं बर्फ असा एकत्र, निसटून खाली आला. त्याचा लोंढा झाला, रैणीजवळचा १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा वीजप्रकल्प पुसला गेला, पुढे तपोवनला बांधकाम चालू असलेल्या ५२० मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचा बराज, म्हणजे नदीचं पाणी वळवणारा बांध, आणि बोगदे गाळाने भरले. मृत आणि बेपत्ता मिळून २०४ माणसं गेली, त्यातली बहुतेक या दोन प्रकल्पांवर काम करणारी.

पहिल्या दिवशी टीव्हीवर हिमकडा कोसळला, ग्लेशियर फुटलं, हिमतलाव फुटला हे सगळं एकाच दमात चालू होतं. २०१३ चं केदारनाथ सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं, तिथे चोराबारी तलावाचा बांध फुटला होता, त्यामुळे इथेही तसंच काहीतरी असणार असं वाटणं साहजिक होतं. पण वरच्या भागात फुटण्याएवढा मोठा तलावच नव्हता. काही तासांतच कॅलगरी विद्यापीठाचे डॅन शुगर आणि इतर काही अभ्यासकांनी आदल्या दिवशीचे आणि त्याच दिवशीचे सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की कड्यावर एक मोठा काळा व्रण पडलाय आणि तिथून धुळीचा पट्टा खाली दरीत उतरलाय. पुढे पन्नासहून जास्त शास्त्रज्ञांनी मिळून केलेला अभ्यास जून २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि खाली मी देतोय त्यातले मोठे आकडे मुख्यतः त्या अभ्यासातले आहेत, मधली छोटी गणितं माझी.

कडा सुटला कसा

सुटलेला तुकडा साधारण ५५०० मीटर उंचीवर होता, अर्ध्या किलोमीटरहून जास्त रुंद. हे वरवरचं बर्फ घसरलं असं प्रकरण नव्हतं, खालचा खडकच फाटून निघाला, आणि आकारमानाने बघितलं तर सुमारे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ होतं. हे ८०-२० लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे.

२०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दरम्यान याच कड्यावर, शेजारच्याच लटकत्या, म्हणजे उभ्या उतारावर चिकटून असलेल्या हिमनदीतून एक कोटी घनमीटरच्या वर बर्फ सुटून रोंती गाडच्या दरीत पडलं होतं. खाली फारसं कुणाला कळलंही नाही, कारण ते वरच्या दरीतच थांबलं. साधारण त्याच सुमारापासून २०२१ च्या तुकड्याच्या वरच्या कडेला भेग उघडायला लागली. नंतर जुने सॅटेलाइट फोटो एकापुढे एक लावले तेव्हा दिसलं की हा तुकडा उन्हाळ्यात सरकत होता, खासकरून २०१७ आणि २०१८ मध्ये, आणि भेग ऐंशी मीटरपर्यंत रुंद झालेली होती. ऐंशी मीटर म्हणजे तिच्यात फुटबॉलचं मैदान आडवं बसेल, आणि हे सगळं फोटोंमध्ये पडून होतं, तिकडे बघायचं कुणाच्या कामाचा भाग नव्हता एवढंच.

एवढ्या उंचीवरच्या उत्तर कड्यांमध्ये खडकातल्या फटींतलं पाणी बारा महिने गोठलेलं असतं आणि ते गोठलेलं बर्फच फटींना चिकटवून ठेवतं. तापमान वाढत शून्याच्या जवळ यायला लागलं की पूर्ण वितळायच्या आधीच त्याची पकड कमी होते, त्यात उन्हाळ्यात भेगेतून वितळलेलं पाणी खाली झिरपत असेल तर ते आत जाऊन दाब देतं, पुन्हा गोठून फट अजून रुंद करतं. म्हणून तुकडा उन्हाळ्यात सरकणं हे या चित्रात बसतं. शेवटचा धक्का कशाने बसला? मोठा भूकंप झालेला नव्हता. आधीच्या दिवसांत बर्फ पडलं होतं, पण कोटीच्या कोटी टन खडकाला तेवढ्याने काय होणार असं मला वाटतं. भेग वर्षानुवर्षं वाढत गेली, धरून ठेवणारा भाग छोटा छोटा होत गेला आणि एका क्षणी उरलेल्या भागाला वजन पेललं नाही, यात वेगळ्या निमित्ताची गरजच नसते. हवामान बदलामुळेच झालं असं एका घटनेबद्दल छाती ठोकून म्हणता येत नाही, पण हिमालयात असे गोठलेले कडे गरम होतायत हे खरं आहे आणि ते दोन्ही वाक्यं एकदम खरी असू शकतात.

पाणी कुठून आलं

हा माझ्या मते या केसचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

तुकडा साधारण ३५ अंशांच्या उतारावरून १८०० मीटर खाली रोंती गाडच्या तळावर आला, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने. त्या धडकेत खडक फुटून चुरा झाला, आणि हवेचा जो झोत निघाला त्याने दरीच्या बाजूचं सुमारे २० हेक्टर जंगल आडवं केलं, मुख्य माल ज्या झाडांपर्यंत पोचलाही नाही ती झाडंसुद्धा. इथपर्यंत हे खडक-बर्फाचं कोसळणं आहे, कोरडं, धुळीचं. ते इथेच थांबलं असतं तर दरीत एक मोठा ढीग झाला असता आणि बातमी चार ओळींची झाली असती, २०१६ सारखी.

आता साधा हिशेब करू. २ कोटी ७० लाख घनमीटरपैकी २० टक्के बर्फ म्हणजे ५४ लाख घनमीटर, वजनाने अंदाजे ४९ लाख टन. उरलेला खडक २ कोटी १६ लाख घनमीटर, म्हणजे साधारण ५ कोटी ६० लाख टन. म्हणजे वजनात धरलं तर बर्फ फक्त ८ टक्क्यांच्या आसपास, एक किलो मालात ८० ग्रॅम. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर ८० ग्रॅमला साधारण २७ किलोज्यूल. आणि १ किलो माल १८०० मीटर खाली आला की मोकळी होणारी ऊर्जा किती, तर १७ ते १८ किलोज्यूल. म्हणजे पहिल्या धडकेपर्यंत सगळं बर्फ वितळवण्याइतकी ऊर्जा नव्हतीच, सगळीच्या सगळी बर्फाला दिली तरी. पण माल तिथे थांबला नाही, तो दरीतून उतरतच राहिला आणि ऋषिगंगा प्रकल्पापर्यंत एकूण उतरण जवळपास ३४०० मीटर होते, म्हणजे किलोमागे ३३ किलोज्यूल. आता जमतं. थोडी ऊर्जा दगड फोडण्यात, दगड तापवण्यात, आवाजात, हवेत जाते हे धरूनही बर्फाचा फार मोठा हिस्सा वितळायला ती पुरते, आणि अभ्यासाचाही निष्कर्ष हाच आहे की खाली पोचेपर्यंत जवळजवळ सगळं बर्फ पाणी झालं होतं. दगडावर दगड घासून निघालेल्या उष्णतेने सुमारे ४९ लाख घनमीटर पाणी तयार झालं, भर फेब्रुवारीत, थंडीत.

या प्रमाणाची गंमत बघा, खरं तर गंमत म्हणवत नाही. खडक जास्त आणि बर्फ अगदी थोडं असतं तर लोंढ्याला पाणी कमी पडलं असतं आणि तो वरच कुठेतरी अडखळून थांबला असता. बर्फ जास्त आणि खडक कमी असता तर ते सगळं वितळवायला उष्णता पुरली नसती, २०१६ ला बर्फच बर्फ पडलं आणि ते बर्फ म्हणूनच दरीत पडून राहिलं. २०२१ चं मिश्रण नेमकं असं होतं की होतं तेवढं बहुतेक सगळं बर्फ वितळलं आणि लोंढा लांब जाऊ शकला. हिमालयात कडे कोसळतातच, पण वाईटात वाईट प्रमाण जुळून येणं असं असतं.

पण एवढ्यावर हिशेब संपत नाही. २ कोटी १६ लाख घनमीटर खडकात ४९ लाख घनमीटर पाणी म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास. फुटलेल्या खडकाच्या सुट्या ढिगात साधारण तिसरा हिस्सा नुसती पोकळी असते, १८ टक्के पाण्याने ती भरतसुद्धा नाही. एवढ्या पाण्यात माल ओला होईल, वाहणार नाही. तरी तो वाह्यला. याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकदम लागू होतात. एक, दरी कोरडी नव्हती: जमिनीवर पडलेलं बर्फ होतं, २०१६ च्या कोसळण्यातलं मलब्याखाली दबलेलं जुनं बर्फ होतं, काठांवरची ओली माती होती, ओढ्याचं आणि नदीचं पाणी होतं, आणि लोंढा हे सगळं खरवडत, स्वतःत मिसळत गेला. दुसरं, मोठमोठा दगडी माल वाटेतच मागे पडला, रोंती गाडमध्ये आणि विशेष करून रोंती गाड-ऋषिगंगा संगमावर, जिथे दरी एकदम वळते. जड आणि जाडाभरडा माल खाली बसला की उरलेल्यात पाण्याचं प्रमाण आपोआप वाढतं. म्हणजे पुढे पुढे जाताना हा लोंढा छोटा होत गेला पण पातळ होत गेला, आणि पातळ झाला म्हणून अजून पुढे गेला.

दरीतून जाताना

डेब्री फ्लो चालतो कसा हे कळायला एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी लागते, की तो पूर नाही आणि दरडही नाही. पुरात पाणी मालक असतं आणि दगड त्याच्या मागे फरफटतात. दरडीत दगड मालक असतात, एकमेकांवर घासत येतात आणि घर्षणानेच थांबतात. डेब्री फ्लोत दोघं एकमेकांना चालवतात, मिक्सरमधून ओतलेल्या ओल्या काँक्रीटसारखं, निम्म्याहून जास्त घन पदार्थ असूनही अख्खं मिश्रण वाहतं. कारण मधला बारीक गाळ आणि पाणी यांचं दाट मिश्रण दगडांच्या मधे अडकून बसतं, त्याला चटकन बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे त्यात दाब टिकून राहतो आणि वरच्या दगडांचं बरंचसं वजन तो दाबच उचलून धरतो. दगड दगडावर पूर्ण टेकतच नाही, मग घर्षण कुठलं. हा दाब उतरला की लोंढा जागच्या जागी थांबतो, आणि थांबतो तेव्हा कधी कधी पुढची कड माणसाच्या उंचीची उभी राहते, पाणी असं कधी उभं राहतं का.

चालता चालता मोठे दगड वरच्या थराला येतात, वरचा थर जास्त वेगाने पुढे जातो, म्हणून ते तोंडाशी जमा होतात. तोंडाशी नुसते मोठे दगड, त्यांच्यामधून पाणी भराभर निघून जातं, म्हणजे तोंड कोरडं आणि घर्षणाने अडखळणारं, आणि मागून येणारा पातळ दाट गाळ त्याला ढकलतोय. म्हणून लोंढे एकसारखे न येता हिसक्याहिसक्याने येतात. रैणीजवळच्या लोकांनी काढलेल्या व्हिडिओत याचा एक भाग अगदी जवळून दिसतो: घळीच्या वळणावरून आधी येतो तो तपकिरी धुराळा, पाणी असं काही दिसतच नाही, धुळीच्या ढगात लाकडाचे ओंडके उडताना दिसतात, आणि मग त्याच्या मागून काळपट दाट लोंढा घळ भरून येतो आणि प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला उंच चढतो.

हे वळणावर चढणं फार कामाचं आहे. लोंढा गेल्यावर दोन्ही काठांवर चिखलाची रेघ राहते. वळणाच्या बाहेरची रेघ आतल्यापेक्षा जितकी वर, तितका वेग जास्त, आणि या फरकावरून वेग काढता येतो: वळणाची त्रिज्या, दोन रेघांच्या उंचीतला फरक आणि गुरुत्वाकर्षणाचं ९.८ यांचा गुणाकार, त्याला पात्राच्या रुंदीने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. समजा त्रिज्या २०० मीटर, पात्र ५० मीटर रुंद आणि रेघांमध्ये १० मीटरचा फरक, तर वेग सेकंदाला २० मीटरच्या जवळ येतो, ताशी ७० किलोमीटर. दोरी, पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर होणारं हे काम आहे आणि कुठल्याही डोंगरी नाळेत जुन्या लोंढ्याच्या खुणा सापडल्या तर करून बघता येतं. चमोलीत रोंती गाडच्या वरच्या भागात लोंढ्याने दरीची भिंत तळापासून २२० मीटर उंचीपर्यंत घासून काढली होती. वीस मीटरपेक्षा मोठे दगड त्याने वाहून आणले.

ऋषिगंगा प्रकल्प कड्यापासून साधारण १५ किलोमीटर खाली. तिथे लोंढ्याचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास होता, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि व्हिडिओंवरून काढलेला प्रवाह सेकंदाला ८२०० ते १४,२०० घनमीटर. तिथून साधारण १० किलोमीटर खाली तपोवनच्या थोडं वर वेग १६ मीटर, तपोवन ओलांडल्यावर १२. प्रवाहही तपोवनला २९०० ते ४९०० घनमीटरवर उतरलेला. धौलीगंगेच्या संगमावर लोंढा समोरच्या काठावर आदळला, तिथे बराच माल टाकला, मग वळला, म्हणून हा उतार. पण हे कमी झालेले आकडेसुद्धा बराजच्या अंगावर येताना काय होतात ते तपोवनच्या व्हिडिओत दिसतं, पातळ झालेला, जवळपास पुरासारखा दिसणारा करडा प्रवाह बांधकामाच्या वरून सहज पलीकडे जातो.

कड्यापासून तपोवनपर्यंत साधारण २५ किलोमीटरात उतरण पावणेचार हजार मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी दर शंभर मीटरला पंधरा मीटर. कोरड्या दगडांचा छोटा ढीग एवढ्या सपाट उतारावर जागचा हलणार नाही. नुसता उतार बघून 'इथे दरड पोचणार नाही' असं ठरवणारी माणसं, इंजिनिअर असोत की गावकरी, इथेच फसतात, कारण पोचणार आहे ती दरड नसतेच, तिचं पाण्याने बदललेलं रूप असतं.

तपोवनच्या बोगद्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एका बोगद्यातून आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) जवानांनी त्याच दिवशी १२ जणांना जिवंत काढलं. दुसऱ्या बोगद्यात मात्र आठवडे खोदकाम चाललं आणि आत अडकलेल्यांपैकी कुणी जिवंत सापडलं नाही. टीव्हीवर ते जेसीबी बघताना लोक विचारत होते की एवढा उशीर का लागतोय. लोंढ्याचा गाळ बोगद्यात शिरताना पाण्यासारखा शिरतो, सगळे कोपरे भरतो, आणि मग त्यातलं पाणी निथळलं की घट्ट बसतो. पुढचा गाळ काढला की मागचा ओला गाळ पुन्हा पुढे सरकतो. पुराचं पाणी पंपाने उपसता येतं, हा गाळ ना धड उपसता येतो ना धड खणता येतो. बचावाची सगळी पद्धतच त्यामुळे वेगळी लागते आणि तिची तयारी आधीपासून असावी लागते.

वेळ किती होता

कडा सुटला १० वाजून २१ मिनिटांनी. पंधरा किलोमीटर, सेकंदाला २५ मीटर धरले तर ऋषिगंगा प्रकल्पापर्यंत दहा मिनिटं. तिथून तपोवनपर्यंत १६ मीटरच्या वेगाने अजून दहा मिनिटं. अगदी मिनिटामिनिटाचं धरू नका, पण अंदाज हाच. रैणीच्या प्रकल्पावर असणाऱ्याला दहा मिनिटांत काही करायचं तर सायरन लगेच वाजायला हवा. तपोवनला असणाऱ्याकडे वीस, आणि बोगद्याच्या तोंडाशी असेल तर वीस मिनिटांत बाहेर येऊन काठ चढता येतो. दोन्ही ठिकाणी सायरन वाजलाच नाही. ज्यांना कळलं त्यांना वरच्या बाजूने ओरडणाऱ्या, शिट्ट्या मारणाऱ्या गावकऱ्यांमुळे कळलं.

आणि कळण्यासारखं होतं. एवढा तुकडा कोसळताना आणि पुढे दरीतून धावताना जमीन हादरते, ती हादर शंभर किलोमीटरवरच्या भूकंपमापकांनीही नोंदवली होती. नंतर अभ्यासकांनी त्या नोंदी तपासून दाखवलं की भूकंपासाठी आधीच बसवलेल्या जाळ्यातूनसुद्धा असा लोंढा धावत असतानाच ओळखता येऊ शकतो, लोंढ्याची हादर भूकंपासारखी झटकन संपत नाही, लांबत जाते. तेव्हा ते ओळखणारं कुणी बसलेलं नव्हतं. मला स्वतःला यातला सगळ्यात जास्त खटकणारा भाग हाच वाटतो: वरची भेग काही वर्षं फोटोत होती, हादर मशीनवर होती, मोबाइलची रेंज खाली होती, आणि या तिघांना जोडणारी दोरीच नव्हती. दोन मोठे प्रकल्प एकाच अरुंद दरीत, एकाखाली एक, नदीच्या पात्राला चिकटून, आणि वरच्या २५ किलोमीटरांत काय चाललंय याचा एकही डोळा नाही.

लोंढा गेल्यानंतरचं थोडं. रोंती गाडने आणलेल्या मलब्याने संगमाजवळ ऋषिगंगेची वाट अडवली आणि वर पाणी साठायला लागलं. खाली शोधकार्य चालू असताना डोक्यावर नवा तलाव, त्यामुळे पथकं चालत तिथपर्यंत पोचली, नौदलाच्या डायव्हर्सनी खोली मोजली, पाण्याची वाट रुंद करून दिली आणि तो हळूहळू उतरला, एकदम फुटला नाही. रैणीजवळ एसडीआरएफने, म्हणजे राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाने, पाण्याची पातळी वाढली की वाजणारा सायरन बसवला. जोशीमठ-मलारी रस्त्यावरचा वाहून गेलेला पूल, जो सीमेकडे जाणारा एकमेव रस्ता जोडत होता, त्याच्या जागी बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) मार्चच्या सुरुवातीला बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून होणारा पूल, उभा केला. बारीक गाळ मात्र थांबला नाही, तो नदीतून आणि कालव्यातून कितीतरी शे किलोमीटर गेला आणि आठवड्याभराने दिल्लीत पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांना गढूळपणामुळे उत्पादन कमी करावं लागलं.

रैणीची गोष्ट तिथेही थांबली नाही. लोंढ्याने नदीचा काठ खालून खाऊन टाकला होता, म्हणजे गाव ज्या उतारावर बसलंय त्याचा पायाच कापला गेला. फेब्रुवारीत वरून काही दिसलं नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, नदी वाढली आणि गावाखालचा उतार सरकायला लागला, रस्त्याचा तुकडा खाली गेला, घरांना तडे गेले, गौरा देवींचा पुतळा तिथून काढून हलवावा लागला. लोंढा काही मिनिटांत निघून जातो आणि त्याने खाल्लेला काठ पुढची कितीतरी वर्षं ढासळत राहतो, त्यामुळे अशा दरीत पंचनामा करायला जाणाऱ्या पथकाने वाहून गेलेल्या गोष्टींच्या यादीबरोबर न वाहिलेल्या घरांखालचा काठ किती उरलाय हेही पावसाळ्याआधी मोजून ठेवलं पाहिजे.